बुर्गीचं भाकीत आणि कोबीचं कुंपण

नोटबुर्गा ऊर्फ बुर्गी रीडरर हिने वयाच्या बाविसाव्या वर्षी, आल्प्समधल्या हिंटरआउ गावाच्या एकुलत्या एक खानावळीत, भर दुपारी आणि पूर्ण शुद्धीत एक भाकीत केलं. "दहा वर्षं थांबा," ती म्हणाली. "या गावात स्की उरतील त्या फक्त कुंपणाला."

ज्या टेबलासमोर उभं राहून ती हे बोलली ते काही साधं टेबल नव्हतं. त्यावर स्की मंडळाची पितळी पाटी होती. तिथे बसायचं तर स्कीवरून पडून निदान एक हाड मोडलेलं असावं, असा अलिखित दंडक होता. बुर्गीचं एकही हाड मोडलं नव्हतं आणि वर तिच्या काखेत हिरवी-लाल, ताठ, इस्त्रीच्या फळीसारखी दिसणारी एक वस्तू होती. तिला स्नोबोर्ड म्हणतात हे गावाला अजून माहीत व्हायचं होतं. गाव तिला पहिल्या दिवसापासून फळीच म्हणालं, आणि आजतागायत फळीच म्हणतं.

मंडळाच्या टेबलावर तिचा चुलतभाऊ कोर्बिनियन जेवत होता. बुर्गीने खिशातून मंडळाचं सभासदपत्र काढलं आणि त्याच्या पुढ्यातल्या रश्श्यात, पावाच्या दोन गोळ्यांच्या मधोमध, टाकलं. कोर्बिनियनने ते चमच्याने बाहेर काढलं, बशीच्या कडेला ठेवलं आणि दोन्ही गोळे खाल्ले. त्याच्या स्वभावात घाई नव्हती.

बुर्गीच्या स्वभावात मात्र दुसरं काहीच नव्हतं. भाकीत खरं व्हायची दहा वर्षं वाट कोण बघत बसणार? त्याच आठवड्यात तिने वडिलांच्या गोठ्याच्या माळ्यावरून जुन्या लाकडी स्की खाली ओढल्या आणि परसातल्या कोबीभोवती ठोकून टाकल्या. मोजून अडतीस. काहींची टोकं वर आली, काहींची मातीत गेली. बुर्गीला टोकांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त आपलं म्हणणं ठोकून बसवायचं होतं.

तिचा नवरा सिक्स्ट सुतार होता. तो म्हणाला, "खिळे गंजतील."

"गंजेपर्यंत स्कीच उरायच्या नाहीत."

सिक्स्टने मग गंज न चढणारे खिळे आणून दिले. बायकोच्या भाकितापेक्षा कुंपण जास्त टिकेल, एवढं त्याला तेव्हाच कळलं होतं.

पहिली दहा वर्षं मात्र बुर्गीची होती, हे तिच्या वैऱ्यांनाही कबूल करावं लागेल. पोरं स्कीच्या शाळेतून पळून तिच्याकडे येऊ लागली. गावाच्या गायउतारावर, म्हणजे उन्हाळ्यात गाई चरतात आणि हिवाळ्यात नवशिके पडतात त्या उतारावर, शनिवारी दुपारी तिचा वर्ग भरे. ढगळ पँटी घातलेली तीस-तीस पोरं एका ओळीत बसलेली असत. फळीवाले उभे असण्यापेक्षा बसलेलेच जास्त असतात. म्युनिकहून एक जाणकार आले. त्यांनी भिंतीवर आलेख लावून सांगितलं की दोन हजार दहापर्यंत निम्मा डोंगर फळ्यांचा असेल, तेव्हा आत्ताच तयारीला लागा. ग्रामपंचायतीने ताबडतोब अर्ध्या नळीच्या आकाराचा लांबलचक चर खणला. फळीवाल्यांनी या कडेवरून त्या कडेवर उड्या माराव्यात म्हणून. खणायच्या ठरावावर कोर्बिनियनचीसुद्धा सही होती. त्या हिवाळ्यात बुर्गी गावातून अशी चालायची, जशी लग्नघरातली वरमाय.

मग काय झालं ते बुर्गीला नीट कळलंच नाही. ढगळ पँटीतली पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, आणि त्या पोरांना स्की हव्या झाल्या. आईबाप जे करतात ते कुठल्या पोराला शोभून दिसतं? शिवाय स्की आता पहिल्यासारख्या राहिल्याच नव्हत्या. त्या आखूड झाल्या, रुंद झाल्या, कमरेत बारीक झाल्या, दोन्हीकडून वळल्या, उलट्या दिशेनेही घसरायला लागल्या. बुर्गीचं ठाम मत होतं की फळीचं सगळं सगळं स्कीने उचललं, पँटीसुद्धा, आणि आभार तेवढे मानायचे राहिले. मत खोटं नव्हतं. पण खऱ्या मताने वर्ग भरत नाही.

दुसरे जाणकार आले. त्यांचा आलेख खाली उतरत होता. फळीचे दिवस संपले, ते म्हणाले. चराकडे कोणी बघेनासं झालं, त्यात पाणी साठलं, बदकं आली, आणि अग्निशामक दलाचे लोक तिथे नळी धरून सराव करू लागले. गेल्या वर्षी तिसरे जाणकार आले. तरुण होते, मिशा ठेवल्या होत्या. ते म्हणाले की नव्वदच्या दशकाची फॅशन परत येतेय, तेव्हा फळीही परत येणार. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे एक अर्धनळी होती म्हणे? गावाने त्यांना बदकं दाखवली.

जाणकारांपेक्षा बुर्गीला जास्त माहिती होती, कारण ती गेली सव्वीस वर्षं लिफ्टच्या तिकीटखिडकीत बसत होती. डोंगरावर जाणारा प्रत्येक माणूस तिच्या नाकासमोरून जायचा. काउंटरखाली एक वही होती. स्कीवाला गेला की डावीकडे रेघ, फळीवाला गेला की उजवीकडे. मोजणी प्रामाणिक होती, एक अपवाद सोडून. एखादा नवरा बायकोची फळी उचलून नेत असला, तर बुर्गी बायकोची एक आणि उचलणाऱ्याची एक अशा दोन रेघा ओढायची. बायकोची फळी जो उचलतो तो मनाने फळीवालाच, असं ती धरून चालायची.

आणि तिच्या वर्गात आता चार पोरं उरली होती. त्यांतलं एक स्की मोडल्या म्हणून आलेलं होतं.

गावात बुर्गीच्या कुंपणापाशी थांबणारं नेमाचं माणूस एकच. तिची आणि कोर्बिनियनची सख्खी आत्या, झेन्झी. वय वर्षं शहाऐंशी, स्की मंडळाची मानद अध्यक्षा, जिभेला धार. दर रविवारी चर्चमधून परतताना ती कुंपणाशी यायची, फाटकापासून तिसऱ्या स्कीवर हात ठेवायची आणि जरा वेळ उभी राहायची.

"आत्या, आत ये की. कॉफी टाकते," बुर्गी खिडकीतून म्हणायची.

"नको. दम खातेय."

"खुर्ची आणू बाहेर?"

"मी म्हातारी झालेय, पाहुणी नाही झाले." मग कोबीकडे बघून, "यंदा किडलाय तुझा," असं म्हणून ती चालू लागायची.

गेल्या सप्टेंबरात ग्रामपंचायतीचं पत्र आलं. गायउतारावर लहान मुलांना वर नेणारी सरकती पट्टी बसवायची आहे, सबब उताराच्या वेळा यापुढे फक्त गावातल्या नोंदणीकृत मंडळांना मिळतील. मंडळ म्हणजे सात प्रौढ सभासद, लेखी घटना आणि आशीर्वाद मिळालेला झेंडा. खाली सही कोर्बिनियनची. गावातल्या सगळ्या मंडळांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष होता.

दुसऱ्या दिवशी तो तिकीटखिडकीसमोरून जाताना बुर्गीने खिडकीची काच वर ढकलली.

"कोर्बी, हे काय आहे?"

"पत्र."

"ते दिसतंय. तेहतीस वर्षं माझा वर्ग भरतो तिथे."

"असतो. भरलेला मी काही बऱ्याच दिवसांत बघितला नाही."

"माझा शनिवार काढून तू कोणाला देणार?"

"मी कोण देणारा? नियम देईल. नेमबाजांचं मंडळ आहे, बँडवाल्यांचं आहे, सशांची पैदास करणाऱ्यांचं आहे. सशांना झेंडा आहे, बुर्गी. तुझ्याकडे काय आहे?"

"मी मंडळं सोडली म्हणूनच तर फळीवर उभी राहिले."

"मग आता सात जणांना घेऊन उभी राहा," कोर्बिनियन म्हणाला, आणि घाई न करता निघून गेला.

बुर्गीने काच खाली ओढली. त्या दिवशी तिने वहीत एकही रेघ मारली नाही. शनिवार गेला की वर्ग गेला, आणि वर्ग गेला की तिचं काय उरतं हे तिला काचेत दिसत होतं. तिकिटं फाडणारी एक पंचावन्न वर्षांची बाई, जिचं एक भाकीत चुकलं होतं.

संध्याकाळी ती सिक्स्टला म्हणाली, "मी मंडळ काढतेय."

सिक्स्टने तोंडातला खिळा काढला. "झेंड्यासकट?"

"झेंड्यासकट. तू सभासद आहेस."

"मी कधी लिफ्टमध्येसुद्धा बसलो नाही. मला उंची बाधते."

"घटनेत उंचीचं काही लिहिणार नाही."

सहा सह्या दोन आठवड्यांत झाल्या. बुर्गी, सिक्स्ट, दाताची डॉक्टरीण, बेकरीवाले दोघे भाऊ, आणि गावचे पाद्रीबुवा. पाद्रीबुवा सेमिनरीत धर्मशिक्षण घेताना फळीवर उतरायचे, आणि अजूनही कोणी बघत नसलं की उतरायचे. सातवा मात्र मिळेना. जुने विद्यार्थी खूप होते, पण कोणाचं मनगट आड यायचं, कोणाचा गुडघा, कोणाची सासू. चळवळ म्हणून जे सुरू झालं होतं त्याला आता पाठदुखीचा पट्टा लागला होता.

ऑक्टोबरच्या एका सकाळी तिकीटखिडकीवर कोणीतरी टकटक केली. कोर्बिनियनची बायको वाल्ली उभी होती. डोक्याला रुमाल, हातात पाकीट नाही.

"सही कुठे करायची?" ती म्हणाली.

"कसली सही? वाल्ली, तू?"

"दर मंगळवारी दुपारी त्याची मंडळाची बैठक असते. अकरा वर्षं झाली. मी त्या वेळात कुठे असते, हे त्याने एकदाही विचारलं नाही."

"कुठे असतेस?"

"पलीकडच्या खोऱ्यात. फळीवर."

बुर्गीला पुष्कळ विचारायचं होतं. पण फळीवाला फळीवाल्याला आधी जे विचारतो, तेच तिच्या तोंडून निघालं. "कुठला पाय पुढे ठेवतेस?"

"उजवा."

"अगं बाई! म्हणजे उलट्या पायाची निघालीस." बुर्गीने कागद पुढे सरकवला. "इथे कर. दाबून कर, खालच्या प्रतीवर उमटायला हवी."

झेंड्याचा प्रश्न उरला, आणि तोच मोठा होता. हिंटरआउमध्ये नव्या मंडळाला झेंडा घ्यायचा तर जुन्या मंडळाने त्या झेंड्याचं पालकत्व घ्यावं लागतं. आणि पालकत्व सहजासहजी मिळत नाही, ते मागावं लागतं. नव्या मंडळाने बियरचं पिंप घेऊन जुन्या मंडळापुढे जायचं, सगळ्यांनी लाकडाच्या फोडीवर, धारेकडच्या बाजूवर, गुडघे टेकायचे आणि विनवणी करायची. जुन्याने थट्टा करायची, अडवायचं, परीक्षा घ्यायच्या. नियमात असंही होतं की हिवाळी खेळाच्या मंडळाला पालक हिवाळी खेळाचाच हवा. गावात असं मंडळ एकच होतं. पितळी पाटीवालं.

"सशांना विचारून बघू," सिक्स्ट म्हणाला.

"नियमात बसत नाही."

"ससे बर्फात पळतात."

"सिक्स्ट."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, प्रार्थनेनंतर, सहा जण खानावळीत शिरले. वाल्ली मागून येते म्हणाली होती. बेकरीवाल्यांनी पिंप आणलं होतं. पितळी पाटीमागे स्की मंडळ बसलं होतं, मध्ये काळ्या शालीत झेन्झी आत्या आणि तिच्या बाजूला कोर्बिनियन. बघायला निम्मं गाव आलं होतं. जमिनीवर लाकडाची फोड नव्हती. तिच्या जागी दोन स्की कडेवर उभ्या ठेवल्या होत्या, पोलादी धार वर.

"तुमच्यासाठी खास," कोर्बिनियन म्हणाला. "टेका."

टेकले. पाद्रीबुवांनी तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ती प्रार्थना असावी असं सगळ्यांनी धरून चाललं.

"सहाच दिसताहेत मला," कोर्बिनियन म्हणाला. "नियम सातचा—"

तेवढ्यात दार उघडलं. वाल्ली आत आली, गर्दीतून वाट काढत पुढे झाली.

"वाल्ली, तू इकडे ये. तुझी खुर्ची ठेवलीय," कोर्बिनियन म्हणाला. "तिकडे कुठे चाललीस?"

"गुडघे टेकायला."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"कधीपासून?" कोर्बिनियनने विचारलं.

"तुझ्या मंगळवारच्या बैठका सुरू झाल्या तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विषयपत्रिकेवर नव्हतं."

आता सगळी खानावळ हसली. कोर्बिनियन लाल झाला, पण खुर्चीवरून हलला नाही. त्याने खिशातून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत तेहतीस वर्षांपूर्वीचं सभासदपत्र होतं, वाळवलेलं, सपाट केलेलं. रश्श्याचा पिवळा डाग नावाच्या बरोबर मधोमध.

"ओळखतेस?"

"तू ते ठेवलंस?" बुर्गी म्हणाली.

"मी मंडळाचा सचिव होतो. दप्तरी दाखल केलं." त्याने ते टेबलावर ठेवलं. "परीक्षा नाही घेत तुझी. एकच वाक्य म्हण. माझं भाकीत चुकलं. बस. झेंडा तुझा, शनिवार तुझा."

बुर्गीच्या गुडघ्यांतून कळ डोक्यापर्यंत गेली होती. "कुठे चुकलं? कुंपणाला आहेतच की. अडतीस. ये आणि मोज."

"तू 'फक्त' म्हणाली होतीस. अख्ख्या टेबलाने ऐकलंय."

लोक हसले, आणि मग तिच्याकडे बघत थांबले. बुर्गीने सिक्स्टकडे पाहिलं. तो सुताराच्या सवयीने गुडघ्यांखालच्या स्कीचं लाकूड न्याहाळत होता. तिने वाल्लीकडे पाहिलं. वाल्लीचा उजवा गुडघा डाव्याच्या किंचित पुढे होता.

"चुकलं," बुर्गी म्हणाली. "आठात एक फळीवाला. मी रोज मोजते, तेव्हा मला सांगायला आलेख नकोत. नवरे बायकांच्या फळ्या उचलून नेतात तेव्हा मी दोन रेघा ओढते, ही लबाडी धरूनसुद्धा आठात एक. उद्या नऊत होईल, परवा कदाचित सातात. मला माहीत नाही. कोणालाच नाही. पण कोर्बी, त्या एकाला शनिवारी दुपारी पडायला कुठेतरी जागा हवी की नको?"

कोर्बिनियनने इतकी वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती, आणि आता ते समोर आल्यावर पुढे काय करायचं याची तयारी केलेली नव्हती.

"उठा सगळे," झेन्झी आत्या म्हणाली. "पाद्रीबुवा, तुम्ही आधी. तुमच्याने उद्या वेदीवर वाकवणार नाही."

"आत्या, अजून दोनदा नाही म्हणायचं असतं, मग हो," कोर्बिनियन म्हणाला.

"मी शहाऐंशीची आहे. दोनदा नाही म्हणायला माझ्याकडे वेळ नाही." ती बुर्गीकडे वळली. "भाकितं मला नवी नाहीत. मी अठराची होते तेव्हा याच टेबलावरचे लोक म्हणाले, बायकांना स्कीचं खूळ लागलंय, दहा वर्षांत उतरेल. शर्यतीत नाव घेईनात. मी नाव न घालता धावले आणि पहिली आले. आज तेच टेबल मला शाल घालून मध्ये बसवतं. पालकत्व मिळेल. माझी एक अट आहे."

"सांग."

"तुझ्या कुंपणातली फाटकापासून तिसरी. ती मला हवी."

बुर्गी अर्धी उठली होती, तशीच थांबली. दर रविवारचा तो हात तिला दिसला. स्कीच्या डोक्यावर ठेवलेला. डोक्यावर नव्हे, शेपटीवर.

"त्याच का त्या? शर्यतीच्या?"

"माझ्या बापाने केलेल्या. तू उलटी ठोकलीस तिला. नाक मातीत."

"आत्या, मला माहीत असतं तर! तेहतीस वर्षं बोलली का नाहीस?"

"पहिली पाच वर्षं राग होता. तुझ्याशी बोलावंसं वाटत नव्हतं." झेन्झी बियरचा पेला जरा लांब सरकवत म्हणाली, "मग विचार केला, तुझ्या बापाने ती माळ्यावर टाकली तेव्हा कोण बघत होतं तिच्याकडे? इथे निदान उभी तरी होती. उन्हातान्हात, लोकांत. आणि कोबी काय लावतेस ते मला बघता यायचं."

दुपारी सिक्स्टने खिळे काढले. गंजलेले नव्हते, त्यामुळे वेळ लागला. स्की मातीतून बाहेर आली तेव्हा तिचं वीतभर नाक कुजून गेलं होतं. बाकी लाकूड ठणठणीत होतं. झेन्झी फाटकाशी उभी राहून बघत होती. तिने कुजलेला भाग नखाने खरवडला.

"मी नवीन नाक बसवून देतो," सिक्स्ट म्हणाला.

"नको. माझ्याकडे बघ, मला कोण काय बसवून देणार आहे?" ती म्हणाली. "झेंड्याला काठी काय लावताय?"

"ऑर्डर करणार होतो," बुर्गी म्हणाली.

"ही लावा. कुजकी बाजू कापा आणि ही लावा."

"तुला हवी होती ना ती?"

"हवी होती म्हणजे काय, कुशीत घेऊन झोपू? झेंड्याला लावा. लोक मान वर करून बघतील."

कोर्बिनियन मागे उभा होता. "नियमात काठीचं—"

"नियमात 'लाकडी' एवढंच आहे," वाल्ली म्हणाली. "मी वाचलेत. मंगळवार सोडून बाकीचे दिवस मी घरीच असते."

झेंड्यावरचं भरतकाम वाल्लीनेच केलं. प्रत्येक झेंड्यावर संत लागतो, आणि फळीवाल्यांना संत कुठून आणायचा यावर मंडळाची पहिली बैठक साडेतीन तास चालली. ज्यांनी जन्मभर बैठकांची टिंगल केली होती त्यांना बैठक इतकी आवडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. शेवटी संत नोटबुर्गा ठरली, जिने शेतात विळा वर फेकला आणि तो हवेतच थांबला. पाद्रीबुवांचं म्हणणं पडलं की एखादी वस्तू हवेत इतका वेळ थांबवून दाखवणारी ती या भागातली पहिलीच, तेव्हा फळीवाल्यांचा तिच्यावर हक्क पोचतो. बुर्गीने, आपलंच नाव असल्यामुळे, तटस्थ राहिल्याची नोंद करून घेतली. ही नोंद करून घेताना आपण नक्की कोर्बिनियनसारख्या दिसत असणार, हे तिला कळलं. तिने ती तरीही करून घेतली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झेंड्याला आशीर्वाद मिळाला. गायउतारावर यंत्राने फवारलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी होती आणि दोन्ही बाजूंना हिरवं गवत. बँड वाजला. त्या सकाळच्या वर्तमानपत्रात चौथ्या जाणकारांचं म्हणणं आलं होतं की दहा वर्षांत या उंचीवर बर्फच पडणार नाही. कोर्बिनियनने ते बुर्गीला वाचून दाखवलं.

"दहा वर्षं!" बुर्गी हसली. "सगळ्यांना दहाच का सापडतात?"

"तुला विचारायला हवं," कोर्बिनियन म्हणाला, आणि तोही हसला. मग दोघांनी त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

पुढच्या शनिवारी दुपारी वर्ग भरला. चार पोरं, बेकरीवाले दोघे, आणि उजवा पाय पुढे ठेवून राजरोस पडणारी वाल्ली. आठवडाभरात कोर्बिनियनने मंगळवारची बैठक बुधवारी ढकलली. कारण विचारल्यावर तो म्हणाला की मंगळवारी गाडी कोणीतरी चालवायला हवी, वाल्लीचं मनगट दुखतंय. एका मंगळवारी तो पलीकडच्या खोऱ्यात बायकोची फळी खांद्यावर घेऊन चालताना दिसला. बुर्गीने आपल्या वहीत दोन रेघा ओढल्या. डोंगर दुसऱ्याचा होता, पण तेवढं चालतं.

कुंपणात मात्र फट राहिली होती. तिसऱ्या स्कीच्या जागेतून एक हरीण आत शिरलं आणि हिवाळी कोबीचे पाच गड्डे खाऊन गेलं. बुर्गीने सकाळी ते पाहिलं, घरात गेली, कपाटावरून आपली पहिली हिरवी-लाल फळी काढली आणि पुसत बाहेर आली.

"ही?" सिक्स्ट म्हणाला. "ही मला हात लावू देत नव्हतीस."

"कपाटावर कोण बघतंय तिला? ठोक."

सिक्स्टने फळी फटीशी धरली. बसेना. फळी रुंद, फट एका स्कीची. "अजून एक काढावी लागेल," तो म्हणाला.

चौथी काढली. मातीतून वर आली तेव्हा दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तेच लाकूड, तीच वळणं, कुजलेलं तेवढंच नाक. जोडीतली दुसरी. सिक्स्टने ती झटकली, बुर्गीने काखेत घेतली आणि तशीच झेन्झी आत्याकडे नेऊन तिच्या शेगडीवरच्या खुंटीला टांगली. झेन्झी म्हणाली, "मातीचे पाय घेऊन आत का आलीस?" आणि स्कीकडे पाठ करून कॉफी टाकली.

कुंपणात आता छत्तीस स्की आहेत आणि एक फळी. प्रमाण डोंगरापेक्षाही वाईट. पण हरीण काही आत आलं नाही.

रविवारी चर्चमधून परतताना झेन्झी फाटकाशी थांबलीच. तिची एक स्की झेंड्याला होती, एक घरी. थांबायला काही कारण उरलं नव्हतं. तिने फळीवर हात ठेवला, जरा दाबून पाहिलं.

"हिचं बरं नाक वर ठेवलंस," ती म्हणाली, आणि दम खात उभी राहिली.